बेटावर गाडी आहे ना?

मित्रांनो, एक चित्र डोळ्यांसमोर आणा. रत्नागिरीच्या बाजूची रुंद खाडी. खाडीच्या मधोमध एक बेट, लांबून पाहिलं तर नुसत्या माडांच्या शेंड्यांचं. होडीतून उतरलं की चिऱ्यांचा लाल धक्का, धक्क्यावर वाळत घातलेली जाळी, आणि तिथून दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांच्या बुटक्या भिंतींमधून वळत गेलेली अरुंद पाणंद. ती पार दुसऱ्या टोकाला, पुळणीच्या वाळूत जाऊन संपते. या बेटावर रिक्षा नाही, मोटार नाही, साधी स्कूटरसुद्धा नाही. आता मला सांगा, अशा बेटावर कुणी ‘गाडी’ म्हणालं, तर ती कोणती असेल?

ती मी. मी एक जुनी हातगाडी आहे.

विठू सुतारांनी मला ऐनाच्या लाकडातून घडवलं. चाकांना लोखंडी धाव ठोकली, दांड्या तासून तासून गुळगुळीत केल्या, आणि माझ्यावर स्वतः बसून खात्री करून घेतली. मग होडीत आडवी घालून मला माझ्या मालकांनी, मन्सूरचाचांनी, बेटावर आणलं. तेव्हापासून बेटावरचं प्रत्येक घर थोडं थोडं माझ्या पाठीवरून गेलेलं आहे. चिरे मी वाहिले, नारळ वाहिले, भाताच्या गोण्या वाहिल्या. गोदाकाकूंना बाळंतपणासाठी धक्क्यापर्यंत मीच नेलं. बाळ जन्मलं पलीकडे दवाखान्यात, पण आजही तो मुलगा जरा मस्ती करायला लागला की लोक म्हणतात, “गाडीवर हादरलाय तो, सोडा त्याला.”

पुढे मन्सूरचाचांच्या घरच्या फरीदाचाचींनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या आणि पुळणीवर उंडीच्या झाडाखाली जेवणाची सोय केली. तेव्हा तर माझा रुबाब वाढला. सकाळी मी पाहुण्यांच्या बॅगा आणायची. दुपारी जेवणाची पातेली घेऊन पुळणीवर जायची. तिथे माझ्या चाकांना दगड लावायचे, अंगावर फळी टाकायची, की मीच टेबल. शहरातली मुलं माझ्या दांडीला लोंबकळून फोटो काढायची.

मग चाचींचा साकिब मस्कतहून सुट्टीवर आला आणि त्याने आईला एक चकचकीत स्टीलची ट्रॉली घेऊन दिली. चार छोटी रबरी चाकं, ढकलली की आवाज नाही. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. आईचे हात दुखू नयेत म्हणूनच त्याने ती आणली होती. पण मी मांगरात गेले. मांगर म्हणजे पेंढा आणि अडगळ ठेवायची झोपडी. तिथे कोंबड्या माझ्यावर झोपू लागल्या. खारं वारं आसाला लागून गंज चढला आणि माझं डावं चाक फिरायचं थांबलं.

फोनची रेंज नेमकी मांगराच्या दारात चांगली येते. त्यामुळे बोलणी माझ्या कानावर पडायची. मे महिन्यातल्या एका सकाळी लांज्याहून हर्षद नावाच्या पाहुण्यांचा फोन आला. ते, त्यांची बायको योगिनी, मुलगी समीक्षा आणि वडील सखाराम, असे चौघे येणार होते. वडिलांना फार चालवत नव्हतं.

“बेटावर गाडी आहे ना?” त्यांनी विचारलं.

“हाय की,” चाची म्हणाल्या. “धक्क्यावर येईल.”

दोघंही खरंच बोलत होते, मुलांनो. फक्त दोघांच्या मनातली गाडी वेगळी होती.

पाहुणे उतरले. सखारामआजोबा काठी टेकत धक्क्यावर उभे राहिले आणि त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मन्सूरचाचा ट्रॉली घेऊन पुढे झाले. आजोबांनी ट्रॉलीकडे पाहिलं, मग चाचांकडे पाहिलं, मग मुलाकडे. आजोबा तीस-पस्तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. गाडी या शब्दाचा अर्थ त्यांना कुणी नव्याने सांगायची गरज नव्हती.

चाचींचं घर धक्क्याला लागूनच आहे, तेवढं अंतर आजोबा मुलाच्या खांद्याला धरून चालले आणि ओट्यावरच्या खुर्चीत बसले. पण जेवण होतं पुळणीवर, बेटाच्या दुसऱ्या टोकाला. चाचींनी बोलावलं तेव्हा आजोबा म्हणाले, “तुम्ही जावा. माझं ताट इथे पाठवा.”

ताट आलं. आजोबांनी ते खोलीत ठेवायला लावलं, आत गेले आणि दार ओढून घेतलं.

त्या संध्याकाळी समीक्षा मांगरात शिरली. वय दहा, गुडघे फुटलेले, आणि कपाळावर एक आठी, मोठ्या माणसांना हिशेब मांडताना पडते तशी. कोंबड्यांना हुसकून ती माझ्यावर बसली आणि मन्सूरचाचांना म्हणाली, “ही चालते का?”

चाचा म्हणाले, ही आता कोंबड्यांची खाट झाली. ते तिने मनावर घेतलं नाही. चिंधी आणली, वंगण मागून आणलं, आणि आसाला लावत बसली. चाचा माणूस मऊ. थोड्या वेळाने तेही हातोडी घेऊन शेजारी बसले. हात चालू असताना ती सांगू लागली आणि मला सगळं कळलं.

गेल्या दिवाळीत आजोबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय थोडाफार सुधारला. पण उजवा हात तोंडापर्यंत येईना. आता ते डाव्या हाताने जेवत. जेवताना डावा हात ताटात घालायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला त्यांनीच शिकवलेलं. आता तोच नियम त्यांच्या आड आला होता. दिवाळीपासून ते कुणाच्या देखत जेवले नव्हते. घरात सगळ्यांनी ते ठरून गेल्यासारखं मान्य केलं होतं: आजोबांचं ताट आत. सहल काढली होती ती त्यांना पुन्हा सगळ्यांत बसवायला, आणि इथेही ताट आतच गेलं. समीक्षेला भीती वाटत होती, की या वेळीही ते उठले नाहीत तर पुढे त्यांना कुणी विचारायचंसुद्धा सोडून देईल.

“चालवत नाही म्हणतात ते निमित्त आहे,” ती म्हणाली. “मला आधी निमित्त काढून टाकायचंय.”

मित्रांनो, त्या क्षणी मी मनाशी एक गोष्ट पक्की केली. उद्या मी चालणार. करकरेन, कण्हेन, पण चालणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी समीक्षेने मला बाहेर काढलं. डावं चाक एकदा अडलं, दोनदा अडलं, आणि मग कुरकुरत फिरलं. ती दांड्यांमध्ये शिरली आणि अंगणातून मला ओढू लागली. रिकामी गाडी ओढणं सोपं असतं असं तुम्हाला वाटेल. तसं नसतं. रिकामी गाडी उड्या मारते. गडग्याजवळच्या उतारावर मी अशी उसळले की दांड्या वर गेल्या आणि त्यांच्याबरोबर समीक्षाही. ती खाली पडली, उठली, पुन्हा आत शिरली. पुन्हा पडली.

ओट्यावर आजोबा हे सगळं बघत होते. आधी नुसते बघत होते. मग खुर्चीच्या कडेला आले. मग त्यांना राहवलं नाही.

“उताराला पाठ मागे टाक गो. पुढे काय वाकतेस?”

ती मागे रेलली. मी थोडी सुधारले.

“आणि वळणावर घाई कशाला? पाठीमागे प्रवासी ओरडतायत काय?”

“प्रवासीच नाहीत,” समीक्षा धापा टाकत म्हणाली. “म्हणून तर उडते. वजन पाहिजे वरती.”

“मग घाल चार नारळ.”

“नारळ गडगडतील. तुम्ही बसा.”

आजोबांचा चेहरा बदलला. “आयुष्यभर मी लोकांना बसवून नेलं. आता मला गोणीसारखा लादून नेणार काय? चौघांनी उचलायची वेळ अजून यायची आहे माझी.”

हर्षद काही बोलायला पुढे होत होते, योगिनीने त्यांचा हात धरला.

समीक्षा मात्र दांडी धरूनच उभी होती. “गोणी बोलत नाही, आजोबा,” ती म्हणाली. “मला वळण कुठे घ्यायचं ते सांगणारा माणूस पाहिजे. ओढायला चाचा आहेत, धरायला बाबा आहेत. रस्ता बघणारं कोणी नाही.”

आजोबांनी पाणंदीकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, “ती डावीकडची धोंड आधी काढा. चाक बसेल त्यात.”

मन्सूरचाचांनी घरातली लाकडी खुर्ची माझ्यावर सुंभाने घट्ट बांधली. हर्षद आणि चाचांनी आधार दिला आणि आजोबा चढून बसले. चाचा दांड्यांत, हर्षद मागे, आणि समीक्षा पुढे पुढे धोंडे उचलत. मला ऐनाचा प्रत्येक तंतू ताणला गेल्यासारखं झालं. पण आजोबांचा आवाज वरून येत होता, खणखणीत: हळू, आता सोड, आता धर, उजवीकडे घे, माडाला घासू नको. ज्याला रस्ता कळतो असा माणूस पाठीवर असला की ओझ्याचं ओझं वाटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मधल्या चढावर डावं चाक पुन्हा अडलं. मी जोर केला. सगळ्यांनीच केला. चढ सरला आणि समोर पुळण दिसली.

फरीदाचाचींनी आजोबांना उंडीच्या सावलीत उतरवून घेतलं. इतर पाहुणे तिथे चटईवर बसतात, पण आजोबांना मांडी घालता येत नव्हती. म्हणून चाचींनी माझ्या चाकांना दगड लावले आणि अंगावर फळी टाकली. किती दिवसांनी! खुर्ची माझ्यापुढे आली, बाकीच्यांना स्टुलं मिळाली. गरम घावन आले, तांबोशी माशाचं कालवण आलं, तिसऱ्या शिंपल्यांचं सुकं आलं.

इथे थांबून मला तुम्हाला एक सांगायचं आहे. जुनी वस्तू करकरू लागली की तिला लगेच मांगरात टाकू नका. आधी वंगण लावून बघा. आणि माणूस कोपऱ्यात जाऊन बसला, तर ‘त्यांना तसंच आवडतं’ असं ठरवून मोकळे होऊ नका. त्याला तिथून बाहेर यायला काय अडतंय, ते शोधा. कधी रस्ता अडतो. रस्ता मी करून दिला. पण कधी त्याच्याही पलीकडे काहीतरी उरलेलं असतं, आणि ते हातगाडीला ओढता येत नाही.

आजोबांच्या पुढ्यात ताट होतं आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. चाचींनी चमचा आणून ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला. “तुम्ही सुरू करा,” ते म्हणाले, “मला भूक नाय तेवढी.” योगिनी खाडीकडे पाहू लागली. हर्षद घावनाकडे पाहू लागले. कुणीच घास उचलला नाही, आणि घावन निवत चालले.

मग समीक्षेने आपला उजवा हात स्टुलावर ठेवला आणि ती त्यावर बसली. डाव्या हाताने घावन तोडायला गेली. घावन तुटेना, नुसता ताटभर फिरू लागला. शेवटी एक लांबलचक तुकडा निघाला. तो कालवणात बुडवून तोंडापर्यंत नेताना रस्सा तिच्या कोपरापर्यंत ओघळला आणि तिथून माझ्या फळीवर.

“उजव्या हाताने गो,” आजोबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

“तो सुट्टीवर आलाय,” समीक्षा भरल्या तोंडाने म्हणाली.

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या छातीतून एक आवाज निघाला, आधी खोकल्यासारखा, मग हसण्यासारखा. माझ्या फळीवर एक जड, जाडजूड हात येऊन टेकला. डावा हात. स्टिअरिंग धरून धरून तळव्याला घट्टे पडलेले मला स्पष्ट जाणवले.

समीक्षेने तांबोशीचा काटेरी तुकडा आपल्या ताटातून उचलला, त्यांच्या ताटात ठेवला, आणि त्यांनी त्या डाव्या हाताने काटे काढून भरवेपर्यंत आ करून बसली.