एक कोयता, दोन डब्या

मी चंद्रभागाबाई. बीडच्या एका दवाखान्यात, छातीच्या वार्डात मावशी म्हणून सव्वीस वर्षं काढली. माझ्या तोंडाला वार्डातली माणसं भितात, आन् भ्यावंच. त्याबिगर कुणी पलंगाखाली थुंकायचं सोडत न्हाई. पण ह्या गोष्टीत घोळ माझ्याच तोंडानं केला, म्हणून मीच सांगते. दुसऱ्यानं सांगितली तर तिखटमीठ लावून सांगल.

आमच्याकडं करिष्मा मॅडम म्हणून डॉक्टरीण आल्या. वय असंल अठ्ठावीस, आवाज बारीक, पण कामाला लई चिवट. त्यांचा एक अभ्यास चालू व्हता. छातीच्या फोटोत डाग दिसला की तो जंतूचा, का कॅन्सरचा, का दोन्हीचा, हे हुडकायचं. असे शंभर पेशंट घ्यायचे, सगळ्यांच्या सारख्या तपासण्या करायच्या आन् लिहून ठेवायचं. "मावशी, डाग सारखाच दिसतो, आजार वेगळा असतो," मॅडम म्हणायच्या. "माणूस टीबी समजून सहा महिने गोळ्या खातो, आणि तिकडं कॅन्सर वाढत राहतो. म्हणून एकही नमुना चुकता कामा नये." हे त्यांनी मला धा वेळा तरी ऐकवलं. मी धाही वेळा मान हलवली.

त्रेसष्ट नंबरला आला शहादेव. शिरूर कासारकडचा, ऊसतोडीचा गडी, वय पन्नाशीचं. दोन महिने कोरडा खोकला, अंगावरचं मास उतरलेलं, आन् फोटोत उजव्या बाजूला वर डाग. संग बायको मनकर्णा. ती पलंगाच्या पायथ्याशी खाली बसायची, सकाळी दाताला मिसरी घासायची आन् पदरात तोंड घालून खोकायची. शहादेवाला मिसरीचा वास सहन व्हायचा न्हाई, तो भिंतीकडं तोंड करायचा. मी एकदा इचारलं, "हिला बी खोकला हाय काय रे?" तर म्हणला, "तिचा तसाच असतो, मावशी. उसाच्या पाचटाच्या धुळीचा. ते काय दुखणं न्हाई."

अभ्यासात नाव घालायच्या आधी मॅडमनी त्याला सगळे कागद वाचून दाखवले. तास गेला. शेवटाला म्हणाल्या, "शहादेवराव, तुमची मर्जी असेल तरच सही करा. आणि केव्हाही मन बदललं तर अभ्यास सोडून जाऊ शकता, कोणी काही म्हणणार नाही." शहादेव म्हणला, "तीस वर्षांत मुकादम असं एकदाबी म्हणला न्हाई." आन् केली सही.

सही केली तरी गडी मनातून पार खचलेला व्हता. त्याचा चुलता छातीच्या कॅन्सरनं गेलता, त्यानं ते डोळ्यानं बघितलं व्हतं. शेजारच्या पलंगावर उमापूरचा उत्तरेश्वर व्हता, टीबीच्या गोळ्या खाऊन चांगला गरगरीत झालेला. तो म्हणला, "टीबी निघाला तर भ्यायचं काम न्हाई बे. माझ्याकडं बघ. चार महिन्यांत आठ किलो वाढलो." झालं, शहादेवानं तिथंच हात जोडले आन् गावच्या मारुतीला नवस बोलला, "देवा, मला टीबी निघू दे. पाच नारळं फोडतो." सव्वीस वर्षांत मी लई नवस ऐकले, पण आजार मागणारा ह्यो पहिलाच.

आता टीबी निघायचा तर बेडका तपासाया पायजे. सकाळी उठल्या उठल्या, छातीच्या तळातून खोकून, झाकणाच्या डबीत द्यायचा. शहादेव खोकायचा, डोळे लाल करायचा, पलंगाचा गज धरून वाकायचा, आन् डबीत पडायची नुसती थुंकी. तपासणीच्या खोलीतला रामेश्वर डबी माघारी पाठवायचा आन् वर चिठ्ठी, 'लाळ आहे.' पहिल्या दिवशी लाळ. दुसऱ्या दिवशीबी लाळ. उत्तरेश्वर त्याला पलंगावरून शिकवायचा, "पोटातून खोक बे, पोटातून," आन् शिकवता शिकवता सोताच डबीभर काढून दाखवायचा.

मॅडम म्हणाल्या, "उद्या नाही जमलं तर नाकातून दुर्बीण घालून नमुना घेऊ. तशीही ती करावी लागेलच." शहादेवानं दुर्बिणीची नळी बघितली आन् दुपारी जेवलाच न्हाई.

आन् इथं माझं तोंड मधी आलं. त्या दिवशी दोन मावश्या सुट्टीवर, माझं डोकं फिरलेलं, त्यात रामेश्वरनं माघारी दिलेली डबी माझ्याच हातात. मी मनकर्णेला नळावर गाठलं. म्हणलं, "उद्याच्याला रिकामी डबी माझ्या हातात देऊ नगस. कशी भरायची ती भर, पण भरून दे." तिनं मुकाट्यानं मान हलवली. माझ्यासारखीच.

दुसऱ्या दिवशी डबी भरलेली. चांगला दाट, पायजे तसा बेडका. मी म्हणलं, बघा, माणसाला जरा रागं भरलं की समदं जमतं.

सांच्याला निकाल आला. टीबीचे जंतू सापडले. मॅडम सोता पलंगापाशी आल्या आन् शहादेवाला म्हणाल्या, "टीबी आहे. गोळ्या उद्या सकाळपासून सुरू. दुर्बीण आता पुढं ढकलू, आधी गोळ्यांनी काय फरक पडतो ते बघू." शहादेवानं मॅडमचे पाय धरायचेच बाकी ठेवले. भावाला, बजरंगला, पिटाळून त्यानं पेढे आणले आन् अख्ख्या वार्डात वाटले. टीबी झाल्याचे पेढे. नवीन आलेल्या एका पाव्हण्यानं इचारलं, "पोरगं झालं काय?" उत्तरेश्वर म्हणला, "त्याच्याहून मोठं काम झालंय, घ्या." मनकर्णेनं मातर पेढा घेतला न्हाई. म्हणली, खोकला वाढतो.

मी दोन खाल्ले. तिसरा पदरात बांधून रामेश्वरला द्यायला गेले. रामेश्वर पेढा खाता खाता म्हणला, "मावशी, त्रेसष्ट नंबरच्या बेडक्यात काळी भुकटी व्हती. मिसरी घासतो काय तो गडी?"

मी सोता मिसरी घासते. मला कुणी समजावून सांगायची गरज न्हवती. मिसरीच्या वासानं भिंतीकडं तोंड करणारा माणूस मिसरी कशाला घासंल?

मनकर्णा मागच्या पायरीवर एकटीच बसली व्हती. मी म्हणलं, "डबीत कोण खोकलं?" ती जराबी दचकली न्हाई. म्हणली, "मी."

"कावून गं? नमुना त्याचा पायजे व्हता ना?"

ती म्हणली, "मावशी, फडात जोडपं मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत नाव ह्यांचं. ऊस ह्यांनी तोडला का मी, मोळी कुणी बांधली, कुणी डोक्यावर वाहिली, कोण इचारतं? गाडी भरली म्हंजे झालं. ह्यांना सकाळी उठवत न्हवतं तर मी भरली डबी. ह्यांच्या वाटची मोळी काय मी पहिल्यांदा उचलली का? आन् तुमीच म्हणलात, कशीबी भर."

मी तिच्या बाजूला खालीच बसले. नोकरीची चार वर्षं राहिलेली. मी गप बसले असते तर कुणाला कळलं नसतं. रामेश्वर उद्या इसरला असता. पण उद्या सकाळी गोळ्या सुरू व्हणार व्हत्या, त्या ज्याला नसतील पायजे त्याला, आन् जिला पायजे ती पायरीवर बसून पदरात खोकत व्हती. मला लई भ्या वाटलं. मी तिचा हात धरला आन् मॅडमच्या खोलीत नेली. माझ्या तोंडाची चूक पहिली सांगितली, मग तिच्या डबीची.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता ह्या रडतेत का मला घरी धाडतेत. मनकर्णेनं त्यांना बी कोयत्याचं समजावून सांगितलं, अगदी धीरानं, अडाणी माणसाला सांगावं तसं. मॅडमनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "बाई, कारखान्यात तुम्ही दोघं एक असाल. इथं छाती दोन, डब्या दोन. तुमच्या छातीचा फोटो कधी काढलाय?"

"माझ्या?" मनकर्णा म्हणली. "माझा तर आधारकार्डाचा बी धड आला न्हाई."

तिचा फोटो काढला, तिच्याबी छातीत डाग निघाला. त्या दिवसापासून मनकर्णा चौसष्ट नंबर झाली. तिच्या नावाचा कागद, तिची सही, म्हंजे अंगठा. बायकांच्या वार्डात पलंग, तोंडाला मास्क, गोळ्या सुरू. शहादेवाला मिठाच्या पाण्याची वाफ दिली, त्यानं खरा बेडका सुटला, आन् त्यात टीबीचा एकबी जंतू निघाला न्हाई. मग दुर्बीण झाली. ती नळी बघून न जेवलेला गडी, नळी घालून बाहेर आला तर म्हणला, "एवढंच व्हतं व्हय?"

पण निकाल तसा सोपा न्हवता. कॅन्सर निघाला. मॅडमनी त्याला खरंखरं सांगितलं. लहान हाय, पसरलेला न्हाई, संभाजीनगरला ऑपरेशन करून काढता येतोय, पण लगोलग जायला पायजे. सहा महिने टीबीच्या गोळ्या खात बसला असता तर डॉक्टरांनी बी हात टेकले असते.

शहादेव म्हणला, "नवस मी बोललो आन् टीबी हिला दिला. मारुतीला पलंग कळंना व्हय?"

उत्तरेश्वरसुद्धा हसला न्हाई.

पुढचं त्याहून वंगाळ. गडी जायालाच तयार हुईना. "ती आली तर जातो." तिचे तर गोळ्यांचे पहिले पंधरा दिवस, तिला गर्दीत न्यायची बंदी. बजरंगनं समजावलं, मॅडमनी समजावलं, मी रागं भरले, पण त्याचं एकच, तीस वर्षांत कुठं एकटा गेलो न्हाई. खरंच व्हतं ते. त्याला सोताची बंडी कुठल्या पिशवीत हाय ते ठावं न्हवतं. मग मी त्याला बायकांच्या वार्डाच्या खिडकीपाशी नेऊन उभा केला. म्हणलं, तूच बोल हिच्याशी.

मनकर्णा आतून मास्क लावून बोलली. "तुमच्या नावावर लई मोळ्या उचलल्या. ही मला उचलता येत असती तर उचलली असती, डबी भरून बघितली की न्हाई? न्हाई जमलं. ही तुमची तुमाला उचलायची हाय. बंडी निळ्या पिशवीत हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो बजरंगसंगं गेला. माझ्या डोळ्याला पाणी आलं, ते मी फिनाईलच्या वासावर ढकललं.

सव्वा महिना गेला. मनकर्णा घरी गेली व्हती, पण गोळ्या न्यायला आन् वजन करायला त्या दिवशी आली, काट्यावर चढली. साडेतीन किलो वाढली. मी म्हणलं, "वजनात उत्तरेश्वरच्या मागं लागलीस का काय?" तेवढ्यात माझा फोन वाजला. बजरंगचा नंबर, पण बोलणारा शहादेव. आवाज बारीक झालेला, पण त्याचाच.

मी म्हणलं, "झालं का रे ऑपरेशन? कसा हायस?"

"झालं. डाग काढला म्हणतेत. ती हाय का तिथं?"

मी फोन मनकर्णेच्या कानाला लावला आन् आवाज मोठा केला, मला बी ऐकायचं व्हतं. मनकर्णा म्हणली, "लई दुखतंय का?"

त्यानं ते ऐकलंच न्हाई. म्हणला, "गोळ्या खाती का रोज?"

"खाती."

"इसरत न्हाईस ना?"

"न्हाई."

तीस वर्षं ज्यानं बायकोचा खोकला दुखण्यात धरला न्हाई, तो म्हणला, "जरा खोकून दाखव बरं. कसा हाय ते ऐकू दे."

मनकर्णेनं मास्क खाली केला, फोन तोंडापाशी धरला, छाती भरून श्वास घेतला आन् खोकायला गेली. खोकला येईना. परत एकदा घेतला. काट्याचा दांडा धरून वाकली, डोळे मिटले, पार त्याच्यासारखी. न्हाईच आला.

"अगं, खोक की," तिकडून तो म्हणला.

"येतच न्हाई," मनकर्णा म्हणली, आन् हसायला लागली.