जतचा धोतरा

हरिबांचा दमा उसळला की घरात इलाज एकच, वाळल्या धोतऱ्याच्या पानांचा धूर. आष्ट्यात त्यांच्या उसाच्या बांधावर धोतरा माजायचा, तळहाताएवढ्या पानांचा. यंदा भांगलणीत बायांनी तो मुळासकट उपटला. म्हणून बहात्तरच्या दुष्काळात जतकडं माहेरी गेलेली सून, सुलाबाई, येताना तिकडचीच पानं घेऊन आली.

सासू रंगुबाई हसली. "ही पानं म्हनायची? तुज्या म्हायेरात समदंच आटलंय जनू!"

सुलाबाईला ते लागलं. पानं खरंच पाण्यावाचून आकसलेली. यांत काय जोर असणार? तिनं नेहमीपेक्षा ज्यादाच निखाऱ्यावर टाकली.

हरिबांनी धूर ओढला. धाप बसली. सुलाबाईनं ऐटीत सासूकडं बघितलं, तोच हरिबा ताडकन उठले. तोंड लालबुंद, बाहुल्या पसरून डोळे काळेभोर. नसलेलं सूत हवेतनं ओढून ते बोटाला गुंडाळू लागले.

"कोन रं तू? कुठल्या पलटनीतला?" त्यांनी सुनेलाच दरडावलं.



जीप करून त्यांना सांगलीला, विश्रामबागेतल्या दवाखान्यात नेलं. वाटेत रंगुबाई तिच्या कानाशी लागली, "पानांचं बोलू नगंस. पोलीस यील. येड लागलं म्हन."

डॉक्टरांनी विचारलं, "यांना काय दिलंत?"

रंगुबाईनं तिचा दंड दाबला. आतनं हरिबांची ओरड आली आणि सुलाबाईला राहवेना. "धोतऱ्याचा धूर दिला म्या. जतची पानं हुती. बारकी म्हनून ज्यादा घातली."

"अरे देवा! अहो, तहानलेल्या झाडाचं विष आटत नाही, दाट होतं!" असं म्हणत डॉक्टर आत धावले.

सुलाबाई भिंतीला टेकली. माहेरच्या कोरडवाहू मिरचीनं, एवढ्याशा मिरचीनं, सासरच्या माणसांच्या नाकाडोळ्यांतनं पाणी काढलं होतं. तेव्हा तीच पदरात तोंड घालून हसली होती. आणि पानांच्या वेळी हे डोक्यात आलं न्हाई?

"बोललीस न्हवं! आता भोग," रंगुबाई फिसकारली.

सकाळी डॉक्टर बाहेर आले. "ओळखतायत माणसं. काय दिलं ते कळलं म्हणून नेमकं औषध देता आलं."

 रंगुबाईनं चहा मागवला आणि पहिला पेला सुनेपुढं धरला. सुलाबाईनं तो तसाच खाली ठेवला. ती आधी आत हरिबांकडं गेली.