तळचं खत

लिंडेल्वाने पेला उलटा केला, रोपाचा देठ दोन बोटांच्या बेचक्यात धरला आणि पेल्याच्या बुडावर टिचकी मारली. मातीचा गोळा अखंड तिच्या तळहातावर उतरला. मुळं पांढरी होती, तळाशी नुकती वळायला लागलेली.

"निघालं का?" बाहेरून आवाज आला.

"निघालं, ताता."

"मुळं कशी आहेत?"

"पांढरी."

"तुमच्या दाढीपेक्षा जास्त पांढरी," नणंद झुकिस्वा म्हणाली. ती दारात उभी राहून एकदा आत, एकदा बाहेर बघत होती. "आणि जास्त विंचरलेली."

बाहेर खुर्ची करकरली.

ताता म्हणजे लिंडेल्वाचा म्हातारा सासरा, बोनाकेले. तो झोपण्याच्या खोलीबाहेर, अरुंद बोळात, स्वयंपाकघरातून आणलेल्या खुर्चीवर बसला होता. घरात झोपण्याची खोली एकच असल्यामुळे रोपं वाढवायचा, आत दिवा टांगलेला तंबू पलंगाशेजारीच उभा होता. आतून चंदेरी, बाहेरून काळा, कपाटापेक्षा थोडा रुंद. आणि सुनेच्या झोपण्याच्या खोलीत सासरा पाऊल टाकत नाही. मुलगा जिवंत होता तेव्हा बोनाकेलेने टाकलं नव्हतं. आता मुलगा नव्हता, तेव्हा प्रश्नच नव्हता. तंबूचं तोंड खिडकीकडे होतं. त्याला बसल्या जागेवरून काळ्या कापडाची पाठ, चेनच्या फटीतून सांडणारा उजेड आणि मधूनच लिंडेल्वाचं कोपर एवढंच दिसत होतं.

त्याच्या पायाशी दोन गोष्टी होत्या. शेणखताची एक गोणी, आणि तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं टोमॅटोचं रिकामं क्रेट.

गोणी देण्यासाठी होती, क्रेट नेण्यासाठी. क्रेटबद्दल सकाळपासून कुणी बोललं नव्हतं.

मुलगा वेलिले लिंडेल्वाशी लग्न झालं त्या वर्षी गावाहून इकडे, किनाऱ्यावरच्या ईस्ट लंडनला नोकरीला आला, तेव्हा आईने भाकरी बांधून द्यावी तसं बोनाकेलेने मक्याच्या सालीत गांजाचं थोडं बी बांधून दिलं होतं. बी बोनाकेलेच्या आईचं. लांब बोटांची पानं, लाल देठ, उशिरा येणारा बहर. वेलिलेने ते कधी लावलं नाही. गावाकडे, लुसिकिसिकीच्या पलीकडच्या खोऱ्यात मात्र शेजाऱ्यांनी शहरातून विकतचं बी आणलं, वाऱ्याने त्याचे पराग सगळीकडे नेले, आणि गेल्या हंगामात बोनाकेलेच्या उतारावर बुटकी, जाड पानांची, लिंबाच्या वासाची झाडं उभी राहिली. एकाचाही देठ लाल नव्हता. वेलिले जाऊन वर्ष झालं, लिंडेल्वाने शोकाचे काळे कपडे उतरवले, आणि त्याच आठवड्यात तिने ती साल उघडली. सात बिया रुजल्या. सातही लाल देठाच्या. झुकिस्वाने भावजयीच्या तंबूतला फोटो वडिलांना पाठवला, आणि म्हातारा बसमध्ये बसला.

बी घराण्याचं होतं आणि घर तिकडे होतं, यात लिंडेल्वालाही शंका नव्हती. तिच्या माहेरची माणसं म्हणत होती, आता परत ये. सासरच्यांनी राहा म्हटलं नव्हतं, जा म्हटलं नव्हतं. त्या घरातलं तिच्याकडे उरलेलं एवढंच होतं. सात रोपं.

"माभेले," बोनाकेले म्हणाला. भेले तिच्या माहेरचं कूळ. तो तिला त्याच नावाने हाक मारी. "खड्ड्यात आधी मूठभर आपलं खत घाल. गुरांच्या वाडग्यातलं आहे. घरचं."

झुकिस्वाने गोणी ओढत आत आणली. लिंडेल्वा तंबूबाहेर आली. आत उकडत होतं म्हणून तिने खांद्यावरची शाल आतल्या आडव्या दांडीला अडकवली होती, ती दारातून दिसण्याआधी, सासऱ्यासमोर खांदे झाकायचे म्हणून, तिने परत ओढून घेतली. गोणीचं तोंड सोडलं. मूठ भरली, चोळली, नाकाशी नेली. मग मूठ परत गोणीत रिकामी केली आणि तोंड बांधून टाकलं.

"ताता, हे वापरता येणार नाही."



"झालं," झुकिस्वा म्हणाली. "परतीची बस किती वाजता आहे?"

"माझ्या आजोबांपासून," बोनाकेले एकेक शब्द ठेवत म्हणाला, "त्या वाडग्यातलं खत त्या झाडांना जातंय."

"तळचं जात असणार. हे वरचं आहे. गरम आहे अजून. या वयाची रोपं करपतील."

"वाडग्यात कधी पाऊल ठेवलंस तू?"

"नाही ठेवलं. सुनेने ठेवायचं नसतं."

"मग वरचं काय आणि तळचं काय, तुला कसं कळलं?"

"नाकाला उंबरा नसतो, ताता."

झुकिस्वाने ओठ दाबून धरले आणि छताकडे पाहिलं.

"गोणी इकडे आण," बोनाकेले म्हणाला.

त्याने कोपरापर्यंत हात घातला. गोणीच्या बुडाशी असलेलं खत वर काढलं, अंगठ्याने चुरलं. त्यात गवताच्या काड्या होत्या, अजून पिवळ्या. त्याने वास घेतला. मग हात पँटला पुसला.

"ग्वाझाने भरलं," तो म्हणाला. ग्वाझा म्हणजे शेजारी. "मी कुंपणाला टेकून सांगत होतो, खाली जा, खाली जा. तो म्हणे, शेण ते शेण. माझा गुडघा वाकत नाही म्हणून. नाहीतर..." तो थांबला. "वेलिले खणायचा. दर डिसेंबरात, सुट्टीवर आला की. मागच्या भिंतीपाशी, जिथे पाणी जात नाही. तिथलं हातात घेतलं की चहाच्या भुकटीसारखं सुटतं. थंडगार."

"हो," लिंडेल्वा म्हणाली. "एकदा त्याने आणलं होतं इथे. टोमॅटोसाठी."

ती पुन्हा तंबूत गेली. तिची माती कालच तयार होती: विकतची माती, नदीची वाळू, गांडूळखत. कुंडीच्या मधोमध तिने रिकामा पेला दाबून पेल्याच्याच मापाचा खड्डा केला आणि गोळा त्यात सोडला.

"किती खोल?" बाहेरून.

"पहिल्या पानांच्या खाली बोटभर."

"अजून खोल. बीजपानं मातीला टेकू देत."

लिंडेल्वाने रोपाकडे पाहिलं. देठ खरंच लांबट होता, जरा कलता.

"दिवा उंच टांगला होतास सुरुवातीला," बोनाकेले म्हणाला. "फोटोत दिसला. उजेड लांब असला की ही मान ताणतात. मान ताणली की मातीत दडपायचं. तिथूनही मुळं फुटतात."

तिने गोळा बाहेर घेतला, खड्डा वाढवला आणि रोप पुन्हा बसवलं, बीजपानांपर्यंत. बोटांच्या पेरांनी माती हलकेच बसवली, दाबली नाही. रोप सरळ उभं राहिलं.

"टेकली," ती म्हणाली.

"हं."

उरलेली सहा झाली तेव्हा झुकिस्वाने त्याला चहा नेऊन दिला होता आणि साखर कमी पडली म्हणून एकदा परत आणला होता. लिंडेल्वाने पाण्याच्या कॅनमध्ये बाटलीतलं खत टोपणाने मोजून टाकलं. म्हाताऱ्याला ओतण्याचा आवाज कळला.

"ते काय?"

"खताचं पाणी. बाटलीवर लिहिलंय त्याच्या चौथाई."

"चौथाई का?"

"बाटली विकणाऱ्याला बाटली संपवायची असते. मला नाही."

बोनाकेले पहिल्यांदा हसला. हसू खोकल्यात गेलं.

"पहिलं पाणी मला दिसेल असं घाल."

तिने एक कुंडी उचलली आणि खोलीच्या उंबऱ्यावर ठेवली. ती आतल्या बाजूने गुडघ्यावर बसली. तो बाहेरच्या बाजूने खुर्चीतूनच पुढे वाकला, एक पाय ताठ पुढे काढून. तिने कडेकडेने धार सोडली, देठापासून लांब. पाणी मातीत जिरेपर्यंत ती थांबली, पुन्हा धार सोडली. त्याने तर्जनीच्या टोकाने लाल देठाला हात लावला.

"हेच," तो म्हणाला. "माझ्या आईचं."

मग त्याची नजर क्रेटकडे गेली. लिंडेल्वाची त्याआधीच गेली होती.

"ताता, न्यायची असतील तर तुमची आहेत," ती म्हणाली. "पण आज मुळं हलली आहेत. बसच्या टपावरच्या उन्हात, मग टॅक्सीत, मग डोंगर. पोचणार नाहीत. ही अडवणूक नाही. तुम्हीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं."

"मांडीवर नेईन."

"न्या. जगलीच तर बहर येईल तेव्हा खोऱ्यात ग्वाझाचं झाड असेल. त्याच्याही पलीकडे दुसऱ्याचं असेल. वारा तुम्ही मांडीवर घेणार?"

झुकिस्वा पुटपुटली, "बाई गं."

"इथे चेन ओढलेली असते," लिंडेल्वा म्हणाली. "या सातांत नर निघेल, मादी निघेल. बी धरेन. ते बी तुमच्या आईच्या बीसारखंच असेल, भेसळ नाही. मला ते जमतं."

बोनाकेलेने काळ्या तंबूच्या पाठीकडे पाहिलं.

"आम्ही मक्याच्या आड लावायचो," तो म्हणाला. "पोलिसांच्या हेलिकॉप्टरला दिसू नये म्हणून. तू पलंगाच्या आड लावतेस."

"आता लपवायचं कारण नाही, ताता. घरात लावलेलं कायद्याने चालतं."

"माहीत आहे. तरी सवय लागते."

त्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि भिंतीला धरून उठला. झुकिस्वाने गाडीची किल्ली काढली. लिंडेल्वा कुंडी आत ठेवून आली.

"गोणी बाल्कनीत ठेव," बोनाकेले तिला म्हणाला. "ओली राहू दे. पुढच्या वर्षी थंड झालेली असेल."

मग मुलीकडे वळून: "स्टँडवर जाताना दुकानापाशी थांब. मोड आणलेल्या ज्वारीचं पीठ घ्यायचंय."

"बिअर गाळणार? कशासाठी? काही कार्य आहे?"

"घरच्यांना सांगायचं आहे."

"घरचे कोण आता? तुम्ही आणि कोंबड्या."

"वाडग्याजवळचे."

झुकिस्वाच्या हातातली किल्ली वाजायची थांबली. वाडग्याच्या कडेला आजोबांना पुरलं होतं, त्यांच्या वडिलांना, आणि गेल्या वर्षी वेलिलेला.

"त्यांना काय सांगायचंय?" तिने हळू विचारलं.

बोनाकेलेने टोपी झटकली. बघत तो टोपीकडेच होता.

"डिसेंबरात वाडग्यात कोण उतरणार ते. अनोळखी पाय पडले की विचारतात." त्याने टोपी घातली. "फावडं फाटकाला टांगलेलं असतं, माभेले. मागच्या भिंतीपाशी खण, रंग बदलेपर्यंत. आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेली गाय आहे, ती लाथ मारते. तिच्या डावीकडून जायचं."

लिंडेल्वा उंबऱ्यावर उभी होती. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. शाल आत तंबूतच राहिली होती. ते तिच्या आत्ता लक्षात आलं, पण ती आणायला ती वळली नाही.

"डावी माझी," तिने विचारलं, "की तिची?"

"तिची," म्हातारा म्हणाला, आणि रिकामं क्रेट उचलून जिना उतरायला लागला.