घड्याळाखालची रागीट बाई आणि मी

मी एक छत्री. लाल कापडाची, लाकडी मुठीची. आणि आधीच सांगून टाकते, पावसाशी माझी फारशी ओळख नाही. तीस वर्षांत मला चार-पाच वेळा उघडलं असेल, तेही कापडाला बुरशी लागू नये म्हणून. तरी माझ्याइतकं शहर पाहिलेली छत्री तुम्हाला शोधून सापडायची नाही. लावा पैज!

माझा जन्म बाजारामागच्या एका अरुंद दुकानात झाला. पुढे विक्री, मागे कारागीर. मला दोरीला टांगून आठवडाही झाला नसेल, तर एक उंच, किडकिडीत गृहस्थ आत आले.

"सगळ्यात लाल कुठली?"

"रंगाचं सोडा साहेब," कारागीर म्हणाला, "थेंब आत येणार नाही, ही माझी हमी."

"अहो, मला पाणी अडवायचंच नाहीये. माणसं गोळा करायचीयत."

हे गृहस्थ गाईड होते. रोज सकाळी दहा वाजता बागेच्या फाटकाशी वीस-पंचवीस पाहुणे जमायचे. मालक मला मिटलेलीच उंच धरायचे आणि सगळी वरात माझ्यामागून निघायची. आधी बागेतलं ते अवाढव्य झाड, सहा माणसांनी हात धरले तरी मिठीत मावत नाही असं. मग ग्रंथालय. त्याच्या दगडी पायऱ्या वाचकांच्या पायांनी मधोमध झिजल्यात, इतक्या की बशीसारखा खळगा पडलाय. मग जुना पूल, आणि शेवटी चौकातला घड्याळाचा मनोरा.

माणसांची मला एक गंमत वाटते. हजार मैलांवरून इमारत बघायला येतात आणि तिच्याकडे पाठ करून स्वतःचाच फोटो काढतात! मालक मला हवेत नाचवून ओरडायचे, "मंडळी, वर बघा!" दिवसातून पन्नास वेळा तरी. शेवटी लोकांनी त्यांचं नावच 'वरबघे' पाडलं. त्यांना ते आवडायचं.

मनोऱ्यापाशी आलं की त्यांचा आवाज बदलायचा. माझं टोक घड्याळाच्या बरोबर खाली रोखून ते सांगायचे, "तो दगडी चेहरा दिसला? ही गवंड्याची बायको. मनोरा बांधताना पठ्ठ्या रोज घरी उशिरा जायचा. बघा कशी ओठ मुडपून बसलीय! म्हणून त्यानं तिला घड्याळाखालीच कोरली." लोक खो खो हसायचे. बायका आपापल्या नवऱ्यांना कोपरानं ढोसायच्या. हजारदा ऐकलेली गोष्ट, पण मलाही दर वेळी हसू यायचं.

तीनेक वर्षांपूर्वी मालकांचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी लांबचं, मग वरचं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या त्यांच्या लेकीलाही नाही. फक्त मला ठाऊक होतं, कारण माझं टोक आता जमिनीवर टेकू लागलं होतं. फाटकापासून झाड एकशे चाळीस पावलं. पुलाचा कठडा संपला की डावीकडे. सगळं शहर त्यांना पायांनी पाठ होतं. मी मनातून धास्तावले होते. दर वर्षी गाईडांना डोळे तपासल्याचा दाखला द्यावा लागतो आणि त्यांचा दाखला जुनाच होता. फेरी बंद झाली तर हा माणूस जगेल कशावर? पैशाचं नाही म्हणत मी. घरात बसला तर 'वर बघा' कुणाला म्हणेल?

आणि एका सकाळी व्हायचं तेच झालं. पर्यटन कार्यालयाच्या तपासनीस बाई वही घेऊन पाहुण्यांसोबत आल्या होत्या. मालकांनी चौकात मला रोखलं आणि रंगात येऊन म्हणाले, "बघा, आज उन्हात कशी लालबुंद झालीय रागानं!"

कुणीच हसलं नाही.

"अहो," एक आजोबा हळूच म्हणाले, "तिथं तर नुसती हिरवी जाळी आहे."

दुरुस्तीसाठी आदल्याच संध्याकाळी सगळा मनोरा झाकला होता. मालकांनी मला खाली घेतलं. "मंडळी, माफ करा. दोन वर्षं झाली, मला वरचं काही दिसत नाही. फेरी इथंच संपली."

"संपली कशी?" आजोबा म्हणाले. "आम्हालाही आज काही दिसत नाहीये. जाळीमागं काय आहे ते सांगा की!"

मग मालकांनी सांगितलं. घड्याळाचे आकडे, शेंड्यावरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा तांब्याचा कोंबडा, ती बाई, तिच्या कपाळावरची आठी. अर्धा तास पंचवीस माणसं माना वर करून नुसत्या जाळीकडे बघत होती! मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू.

तपासनीस बाईंनी परवाना काढून घेतलाच. "नियम आहे काका, माझा नाइलाज आहे." जाताना मात्र लेकीचा नंबर विचारून गेल्या.

पुढचे सात महिने मी दाराआड, केरसुणीच्या शेजारी. मालक खिडकीशी. पण लेक संध्याकाळी कामावरून आली की वह्या उघडून बसायची. एक दिवस तिनं गाईडचा नवाकोरा परवाना टेबलावर ठेवला. त्यावर तिचा फोटो होता.

"बाबा, त्या बाई म्हणाल्या, परवाना एकाचा लागतो. सोबत कुणी यावं याला मनाई नाही. छत्री घ्या आणि चला."

मालक दाराआड चाचपडत आले आणि माझी मूठ इतकी घट्ट धरली की मला रडू फुटलं असतं.

आम्ही चौकात पोचलो. मालकांनी मला वर केलं. अचूक, नेहमीच्याच जागी. "जाळी निघाली ना गं? आहे ना अजून रागावलेली?"

लेक बराच वेळ वर बघत राहिली.

"बाबा... ती हसतेय."

"चेष्टा करू नकोस."

"खरंच! दगड धुतलेत. ओठांच्या कडेला काजळी साचली होती, म्हणून ते मुडपलेले वाटायचे. कपाळावरची आठीही गेली. छान हसतेय हो ती."

मालक थक्क झाले. मग हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अगं, म्हणजे तीस वर्षं मी त्या माउलीची बदनामी केली! ती बिचारी नवऱ्याची वाट बघत हसत उभी होती."

आता माझं कापड विटकरी पडलंय, दोन काड्या मोडल्यात, टोक बोथट झालंय. लवकरच भंगारात जाईन, त्याचं दुःख नाही. एकच मागणं आहे. त्या चौकातून कधी गेलात, तर मान वर करा आणि आमच्या वतीनं त्या बाईची माफी मागा. काही बोलू नका, नुसतं तिच्याकडे बघून हसा. तिला कळेल.