फोनमधली मुलगी

दोन हजार एकोणीस साल होतं. पनवेलच्या मोहल्ल्यातल्या फरहाचा नवरा शहजाद कुवेतला होता, आणि त्यांचा संसार चालायचा तो फोनवर बोलून पाठवलेल्या व्हॉइस मेसेजवर.

त्या वर्षी फरहाचे तास हरवू लागले. भाजी फोडणीला टाकावी आणि भान यावं तेव्हा भाजीचा कोळसा झालेला, चार वर्षांची हुदा कोपऱ्यात रडत बसलेली. "ढोंगं नुसती!" सासू दिलशाद म्हणायची. एकदा फरहा अनवाणी बाजारात सापडली, तेव्हापासून दिलशाद तिला खोलीत घालून बाहेरून कडी लावू लागली. कडी वाजली की फरहाचं भान जायचं.

मग शहजादचा फोन आला. "घरात कुणाची पोरगी ठेवलीस? तुझ्या फोनवरून मला चाचा म्हणते!"

"कुणी नाही हो, अल्लाची कसम!"

"सगळे मेसेज जपलेत. सुट्टीवर आलो की जमातीच्या पंचांपुढे ऐकवीन. हुदा मग अम्मीकडे राहील."

फरहाने ते मेसेज ऐकले. आठ-नऊ वर्षांची पोर रडत होती : "चाचा, कडी काढा ना. मी कुणाला नाय सांगणार." घसा फरहाचाच होता. त्यातला एकही शब्द तिला आठवत नव्हता. लहानपणी उरणला चाचांच्या घरी काढलेली दोन वर्षंही तिला कधी आठवत नसत.

आधीच्या दोन डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या दिल्या होत्या. शहजाद आला, तेव्हा तिसऱ्या डॉक्टर आशालताबाईंपुढे त्याने फोन आपटला. "ऐका हिचं नाटक!"

बाईंनी सगळं ऐकलं. मग फरहाकडे वळून विचारलं, "मधला वेळ हरवतो का गं तुझा?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती हुंदके देऊन रडली.

पाच भेटींनंतर बाई म्हणाल्या, "नाटक नाही. लहानपणी जे सोसवेना, ते सोसायला हिच्या मनाने वेगळी मुलगी केली. तिला हाकलायचं नाही, धीर द्यायचा. आधी ती कडी काढा."

"आणि पळाली तर?" दिलशाद म्हणाली.

"तर चपला घालून मागे जा."

उपचार पाच वर्षं चालले. ती मुलगी आता क्वचित येते, आणि आली की फरहाला कळतं. दिलशाद कुरकुरत दर बुधवारी सोबत जायची; गेल्या वर्षी ती वारली. शहजाद जमातीकडे गेला नाही; आता कामोठ्यात त्याचं दुकान आहे. आशालताबाई निवृत्त झाल्या. हुदा आईजवळच वाढतेय. चाचा उरणला वारले. मयतीला फरहा गेली नाही, आणि का गेली नाहीस असं तिला कुणी विचारलं नाही.