साडीचं दुसरं टोक

"कापू ना मग?" शिंपीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

शिंपीणबाई म्हटलेलं त्यांना मुळीच आवडायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्या डिझायनर होत्या. दुकानाला काचेचं दार, केसांत एका बाजूला निळी बट, आणि गळ्यात मोजपट्टी अशी टाकलेली की जणू दागिनाच. न नेसता घालायच्या साड्या शिवणं हे त्यांचं काम. स्कर्टसारखी चढवायची, हूक लावायचा, पदर खांद्यावर टाकायचा, झालं! कॉलेजातल्या मुली तर खिसेसुद्धा लावून घ्यायच्या. साडीला खिसा! पण सोयीचा असतो, खोटं कशाला बोला.

टेबलावर पसरली होती ती मात्र कुणा कॉलेजकन्येची साडी नव्हती. गर्द वांगी रंग, पिवळाधमक काठ, बोटांना लोण्यासारखं लागणारं रेशीम. ही सासूबाईंची साडी होती. आणि ती इथे आहे याचा सासूबाईंना पत्ता नव्हता.

"घेराचा भाग वेगळा, पदराचा वेगळा. कात्री चालली की परत जोडता येणार नाही हं," शिंपीणबाई म्हणाल्या.

साडी घेऊन आलेल्या सूनबाई दोनदा 'थांबा' म्हणून झाल्या होत्या. एरवी ही बाई खमकी. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. शिकाऊ माणसं भर चौकात गाडी बंद पाडून रडायला लागायची तेव्हा ही शेजारी बसून शांतपणे म्हणायची, "काही होत नाही, परत चावी फिरवा." का नाही म्हणणार? तिच्या पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक असायचा. सासूबाईंच्या बाबतीत तसला ब्रेक कुणीच बसवून दिलेला नव्हता.

"कापा," ती म्हणाली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. कात्रीचा आवाज मात्र ऐकू आलाच.

आता हे धाडस कशापायी, ते ऐका. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. लोकांचे फोन हाताने जोडून द्यायचे त्या काळी. प्रत्येकीचा बोर्ड ठरलेला, म्हणून मैत्रिणी एकमेकींना नंबरानेच हाक मारायच्या. सासूबाई सात नंबर. नोकरी संपली, एक्स्चेंजची इमारत पाडली, तरी त्या सात नंबरच राहिल्या. आयुष्यभर कडक इस्त्रीची साडी, निऱ्या अशा की पट्टी लावून बघावं. मग गेल्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरला आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात छातीच्या वर जाईना. निऱ्या घालता येईनात, पदर लावता येईना. सासूबाई गाऊनमध्ये गेल्या त्या गेल्याच. घराबाहेर पडणं बंद. गॅलरीतसुद्धा यायच्या नाहीत, समोरच्या इमारतीतले बघतील म्हणून.

एकदा एका लग्नाला जायचं म्हणून सूनबाईंनी नेसवून दिली होती. निऱ्या एकीकडे, पदर तिसरीकडे. सासूबाई आरशासमोर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सोड ते. मी काय दुकानातली बाहुली आहे?" मग जरा वेळाने, हळू आवाजात, "आणि तिकडे गेल्यावर मी बाथरूमला गेले नि सगळं सुटलं, तर? तुला आत बोलवू?"

सूनबाईंनी साडी घडी घालून परत कपाटात ठेवली.

आणि नेमका तेव्हाच तीन नंबरचा फोन आला. एक्स्चेंजमधल्या सगळ्याजणी एकत्र जमणार, ज्या आहेत त्या. सासूबाईंचा फोन खिडकीपाशी जुन्या शिलाई मशीनवर ठेवलेला असायचा. मशीनवर एक विटकं झाकण होतं. कधीकाळी त्याला कुठला रंग होता देव जाणे, आता ते चहात बुडवून काढल्यासारखं दिसायचं. त्या झाकणाची कड चुरगळत सासूबाई फोनवर म्हणाल्या, "नाही गं जमायचं. तुम्ही मजा करा." फोन ठेवला आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघत बसल्या. बोर्डांसमोर रांगेत उभ्या सगळ्याजणी, आणि मध्ये सात नंबर, वांगी साडीत, हनुवटी वर.

सूनबाईंना ते बघवेना. बाई खचत चालली होती, डोळ्यांसमोर. चिरंजीवांना, म्हणजे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आईला विचार ना." हा सल्ला द्यायला याचं काय जातं! विचारायचं कसं? शेजारणीच्या मुलीने आईच्या साड्या कापून पार्टीचे ड्रेस शिवले होते, तेव्हा सासूबाईंनी जे काही तोंड सोडलं होतं ते सूनबाईंच्या कानात अजून घुमत होतं. "कापल्या! आई धडधाकट आहे ना अजून? आणि हिने खुशाल कापल्या!" त्या मुलीशी सासूबाई त्यानंतर बोलल्याच नाहीत. तेव्हा विचारून नकार घेण्यापेक्षा करून मोकळं व्हावं, असा सूनबाईंनी हिशेब केला. कपाटातून साडी काढली, जुन्या परकराचं माप घेतलं, आणि काचेच्या दाराचं दुकान गाठलं.

शिवून मिळाली ती जमण्याच्या आदल्या दिवशी. सूनबाई पिशवी छातीशी धरून घरात शिरली. चपला काढते न काढते तोच आतून हाक आली.

"आलीस का? जरा माझी वांगी साडी काढून दे गं कपाटातून."

झालं!

"आत्ता? कशाला?"

"नुसती बघायची आहे. उद्या सगळ्याजणी तिकडे जमतील. मी आपली मांडीवर घेऊन बसेन घटकाभर."

काय हे बोलणं! खोटं बोलायची तयारी होती, धुवायला टाकली, इस्त्रीला दिली, सगळं ओठांवर होतं. पण ती तशीच पिशवी घेऊन खोलीत गेली आणि पलंगावर ठेवून मोकळी झाली.

"आई, ही घ्या. मी कापली."

सासूबाईंनी आधी पिशवीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"काय केलंस?"

"कापली आणि शिवून आणली. तुम्हाला घालता यावी म्हणून. नेसायची गरज नाही, निऱ्या शिवलेल्या आहेत. मला काय बोलायचं ते बोला. पण उद्या तुम्ही जा, आई. माझ्यावर चिडून का होईना, पण जा."

सासूबाईंनी डाव्या हाताने साडी बाहेर ओढली. कमरेचा पट्टा चाचपला, हूक उघडून बघितला. निऱ्यांवरून बोट फिरवलं. सूनबाई भिंतीला टेकून उभी. बाहेर कुणाच्या तरी टीव्हीवर हसण्याचा आवाज चालला होता आणि तिला वाटत होतं की आपलंच हसं चाललंय.

"मला विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हटलंच असतं. मग? परत विचारायचं. तुझ्या त्या शिकाऊ लोकांची गाडी बंद पडली की तू एकदाच चावी फिरवतेस का?"

सासूबाईंनी उघडलेला हूक परत लावला.

"शेजारच्या कार्टीवर मी कशाला चिडले होते? साड्या कापल्या म्हणून? अगं, साडी म्हणजे कापडच आहे शेवटी. आई समोर बसलेली असताना तिला विचारलं नाही म्हणून! माणूस जरा अंथरुणाला टेकलं की त्याच्या कपाटाच्या किल्ल्या लोकांच्या हातात जातात. तेच तू केलंस."

हे बोलणं वर्मी लागलं. सूनबाईंचे डोळे भरून आले. तिने कापण्याची भीती बाळगली होती, रागाची बाळगली होती, पण हे तिच्या मनातच आलं नव्हतं. "चुकलं माझं," ती म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

सासूबाईंनी उसासा टाकला. "रडू नको. रेशमावर पाणी पडलं तर डाग पडतो. जा, त्या मशीनचं झाकण आण इकडे."

"झाकण?"

"आण म्हटलं ना."

सूनबाईंनी फोन उचलून खाली ठेवला आणि झाकण आणलं.

"उलटं कर. आतली शिवण उसव थोडी."

सूनबाईंनी नखाने दोन-चार टाके काढले. दुमडीच्या आत, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथे गर्द वांगी रंग होता. आणि कडेला दोन बोटं पिवळाधमक काठ.

"अगंबाई! ही तर हीच साडी!"

"हीच. ती नऊवारी होती. माझ्या सासूबाईंचं लग्नातलं लुगडं. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी तेच नेसून गेले, ऐटीत. आत बघते तर सगळ्याजणी सहावारी गोल साडीत, फॅशनेबल! ही तीन नंबर मला काय म्हणाली असेल? 'आजी, तक्रारीची खिडकी पलीकडे आहे.'"

सूनबाईंना हसू फुटलं. नाकातून, ओल्या डोळ्यांनी.

"हस, हस. मी घरी येऊन रडले होते. सासूबाईंना म्हटलं, हे कापून सहावारी करू का? म्हणाल्या, नाही. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. म्हणाल्या, डोकं फिरलंय का तुझं? पुढे किती दिवस मी रोज विचारत राहिले. एका संध्याकाळी कामावरून आले, तर त्या लुगडं पसरून, कात्री घेऊन बसलेल्या. म्हणाल्या, 'माझा हात थरथरेल. मी टोक धरते, तू काप.' आणि शेवटपर्यंत धरून बसल्या हो, घट्ट. मग गल्लीत बोभाटा झाला, फोनवालीने सासूच्या लुगड्याला कात्री लावली म्हणून. सासूबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, 'मी लावायला सांगितली!' त्या उरलेल्या कापडातून तुझ्या नवऱ्याचं दुपटं झालं, माझे दोन ब्लाउज झाले, आणि हे झाकण."

सूनबाई झाकणाचा तो कोपरा हातात धरून बसली. इतकी वर्षं त्यावरची धूळ झटकली होती तिने, आणि काय झटकतोय ते माहीत नव्हतं.

"बरं," सासूबाई उठल्या. "जा बाहेर. दार लाव."

"मी मदत करते ना."

"मदत करायची तर शिवून कशाला आणलीस? जा!"

दार लागलं. आतून कडीसुद्धा लागली. सूनबाई बाहेर उभी, कान दाराला. कापडाची सळसळ. मग शांतता. मग धाडकन काहीतरी वाजलं.

"आई! पडलात का?"

"कपाटाचं दार गं बाई! अशी जीव मुठीत धरून उभी राहू नकोस तिथे!"

तेवढ्यात चिरंजीव ऑफिसातून आले. "काय झालं? आई कुठेय?" सूनबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. दोघं नवराबायको बंद दाराकडे बघत, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरांसारखी उभी.

कडी निघाली.

दारात सात नंबर उभी होती. निऱ्या सरळ, पदर डाव्या खांद्यावर टाकलेला आणि चुंबकाच्या बटणाने जागच्या जागी. हनुवटी फोटोत होती तशी वर. कुणीही नेसवलेली नव्हती, कुणीही धरलेलं नव्हतं.

"काय बघता? सोडता येते का तेही बघितलं मी. दोनदा सोडली, दोनदा लावली. एका हाताने!" आणि मग एकदम आवाज कापरा झाला. "लागली गं. माझी मला लागली."

सूनबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतके दिवस तो किती जड होता ते तिला आत्ता कळलं. ती मटकन खुर्चीत बसली आणि हसत सुटली, आणि चिरंजीवांना काहीच कळलं नव्हतं तरी तेही हसत सुटले. सासूबाई तशाच ऐटीत मशीनपाशी गेल्या. फोन खाली जमिनीवर होता. "उचल रे तो," त्यांनी मुलाला फर्मावलं, आणि नंबर फिरवला. पाठ होता.

"तीन नंबर? सात नंबर बोलतेय. उद्या येतेय मी. आजी म्हणालीस तर याद राख."

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी त्यांना गाडीने सोडलं, संध्याकाळी आणलं. घरी येईपर्यंत सासूबाईंचं तोंड थांबलं नाही. कोण जाड झालंय, कोण बहिरं, कोणी केस काळे केलेत. मध्येच म्हणाल्या, सगळ्यांना साडी दाखवली, चार नंबरला तर हूकसुद्धा उघडून दाखवला, बाथरूममध्ये नेऊन. तिलाही हवीय तसलीच. "आणि एक चूक केलीस तू. खिसा नाही लावलास. चष्मा कुठे ठेवायचा मी?"

पुढच्या आठवड्यात काचेचं दार दोघींनी मिळून ढकललं. सासूबाईंनी या वेळी हिरवी आणली होती. शिंपीणबाईंनी टेबलावर पसरली, खिशाची जागा खडूने आखली आणि कात्री उचलली.

"कापू ना?"

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "ही कापेल."

"मी?" सूनबाई दचकली. "आई, मला नाही हो येत. वाकडं गेलं तर? हात बघा माझा."

सासूबाईंनी टेबलाला वळसा घातला, साडीचं दुसरं टोक डाव्या मुठीत घट्ट पकडलं आणि ताणून धरलं.

"काप गं. मी धरलंय ना."

सूनबाईंनी कात्री घेतली.