श्वास घेणारी चट्टी

निळा नावाच्या नदीकाठच्या आमच्या कुंभारवस्तीत चात्तुण्णीची चट्टी म्हणजे थेंब न गळणारं मातीचं भांडं. तालुक्याच्या कलाकेंद्रात कुंभारकाम शिकवायला आशान, म्हणजे गुरुजी, नेमायचे होते. कंबर धरल्यापासून चाक फिरवणं जमत नव्हतं, त्यामुळे चात्तुण्णीला ती जागा हवीच होती. परीक्षा एकच: केंद्राच्या प्रमुख पद्मजा मॅडम त्याच्या घरी, त्याच्याच चट्टीतलं जेवणार.

घरातल्या चट्ट्या वापरून काळ्याकुट्ट झालेल्या. त्या मॅडमसमोर कशा ठेवायच्या? त्याने आव्याच्या भट्टीतून नवी, लालबुंद चट्टी काढली.

"अहो, हिला आठ दिवस भाताची पेज पाजायला हवी," बायको कार्त्यायनी म्हणाली. "तान्ही आहे ती. सगळा रस पिऊन टाकेल."

"मॅडम उद्या येतायत. तू चट्टीचं बारसं कसलं मांडतेस?"

कैरी घातलेलं मरळीचं कालवण जुन्या चट्टीत शिजलं आणि नवीत ओतलं गेलं. कागदपत्रं वाचून दाखवायला मला बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर मॅडम परंपरेवर बोलू लागल्या. मातीचा गंध, मातीची स्मृती. इकडे चट्टीच्या पोटावर तांबडे थेंब फुटले, मग ओघळले. चात्तुण्णीचा चेहरा राखेसारखा झाला.

मॅडमनी बोलणं थांबवलं. एका थेंबाला बोट लावून चाखलं.

"अय्यो, ही तर श्वास घेते! बाकीचे कुंभार ही छिद्रं बुजवून टाकतात, नाही का?"

"हो... बुजवतात," चात्तुण्णी म्हणाला. मीही मान हलवली.

कार्त्यायनी उठून आत गेली. "चटई कोण धुणार, ते त्या श्वासालाच विचारा," आतून ऐकू आलं.

नेमणूक झाली. मॅडमनी केलेल्या नियमावलीतलं पहिलं कलम: चट्टीने श्वास घेतलाच पाहिजे.

पहिल्या परीक्षेला त्याच्या वर्गातल्या तंकमणीची चट्टी सकाळपासून पाण्याने भरून ठेवली होती. दुपार झाली तरी खाली टिपूस नाही. चात्तुण्णीने ती रिकामी करून बोटाने वाजवली, खणखणली. बराच वेळ हातात धरून राहिला. मग त्याने मॅडमकडे पाहिलं.

"नापास. श्वास नाही."

तंकमणी त्याच्या मागे ओसरीपर्यंत आली. "आशान, माती तीनदा चाळली, तुम्ही सांगितलंत तश्शी भाजली, आठ दिवस पेजही पाजली. चुकलं काय?"

चात्तुण्णीने चट्टी तिच्या हातात दिली.

"थोडी कच्ची भाजत जा, पोरी," तो हळूच म्हणाला. "मॅडमची बदली होईपर्यंत."